टाळूच्या ऑपरेशननंतर बाळाला काय भरवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी लेक जन्मली तेव्हा तिची टाळू दुभंगलेली होती. ओठ अगदी नीट, बाहेरून काहीच दिसत नव्हतं. दूध नाकातून यायला लागलं तेव्हा कळलं. ती १३ महिन्यांची असताना ऑपरेशन झालं, आणि पुढचे तीन आठवडे आमचं सगळं घर एका गाळणीभोवती फिरत होतं. तेव्हापासून ओळखीच्या आणि ओळखीतून नंबर मिळालेल्या कितीतरी आयांचे फोन आले. प्रश्न तेच असतात, आणि विचारणारीचा आवाजही ओळखीचा असतो, चार रात्री न झोपलेल्या बाईचा. म्हणून सगळं एकदाच लिहून काढलं आहे.

मी डॉक्टर नाही. तुमच्या सर्जननी यापेक्षा वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. टाके त्यांनी घातलेत, जखम त्यांनी पाहिली आहे.

टाळू म्हणजे नक्की कुठली? सासूबाई विचारतात, मग टाळूवर तेल घालायचं की नाही?

हा गोंधळ घरोघरी होतो, कारण आपल्याकडे दोन्हीला टाळूच म्हणतात. डोक्यावरची मऊ जागा, जिच्यावर आजी तेल जिरवते, ती वेगळी. इथे बोलतोय ती तोंडातली, वरच्या दातांच्या मागे जीभ लावली की लागते ती. आमच्या आत्याबाईंना आठवडाभर वाटत होतं की पोरीच्या डोक्याचं ऑपरेशन झालंय. घरात आधी हे नीट समजावून सांगा, म्हणजे पुढचे सल्ले तरी योग्य जागेबद्दल येतील.

तीन आठवडे एवढं जपायचं कशासाठी? टाके तर आपोआप विरघळतात ना?

विरघळतात. पण त्याआधी खालची जखम भरून यायला हवी. टाळू शिवताना दोन्ही बाजूंचा भाग सोडवून मध्ये आणतात आणि थरांनी जोडतात. त्या शिवणीत अन्नाचा कण अडकून राहिला, चमच्याचं टोक लागलं किंवा बोट गेलं, तर टाका सुटू शकतो आणि तिथे छिद्र राहू शकतं. मग त्या छिद्रातून पुन्हा दूध नाकात, आणि बोलताना हवाही नाकात. प, ब, ट, क ही अक्षरं तोंडात हवा कोंडल्याशिवाय उमटतच नाहीत. मूल मोठं होऊन 'पप्पा' म्हणेल तेव्हा तो 'प' स्पष्ट यावा, यासाठी हे तीन आठवडे आहेत. काही सर्जन दोन आठवडे सांगतात, काही चार. तुमचा आकडा त्यांच्याकडून लिहून घ्या.

पहिल्या दिवशी काय द्यायचं?

भूल उतरल्यावर सिस्टर आधी साधं पाणी देऊन बघतात. ते पोटात राहिलं की दूध. पहिला दिवस, दीड दिवस एवढंच पुरे. बाळ रडेल, लाळ गुलाबीसर येईल, दोन चमचे घेऊन तोंड फिरवेल. त्या दिवशी सलाईन चालू असतं, त्यामुळे पोटभर जेवणाची घाई करू नका.

बाटलीने पाजू, चमच्याने पाजू की बोंडल्याने?

बहुतेक ठिकाणी बाटलीचं बूच आणि स्ट्रॉ बंद ठेवायला सांगतात, कारण चोखताना टाळूवर ओढ बसते आणि बूच थेट टाक्यांना घासतं. झाकणाला चोच असलेले प्लास्टिकचे पेलेही त्यातच आले. अंगावरचं दूध ऑपरेशननंतर लगेच चालेल की नाही, याबाबत सर्जनांची मतं वेगवेगळी आहेत. बाळ आधी अंगावर पीत असेल तर हे स्पष्ट विचारून घ्या.

आम्हाला वाटीचमचा आणि बोंडलं, दोन्हीला परवानगी होती. आईने माहेरचं जुनं चांदीचं बोंडलं काढून दिलं. ते उकळून घेतलं आणि त्याची चोच कुठे खरखरीत नाही ना, हे बोट फिरवून पाहिलं. बोंडलं असो की चमचा, नियम एकच: टोक खालच्या ओठावर टेकवायचं, तोंडात ढकलायचं नाही. थोडंसं तिरपं करायचं आणि थांबायचं. बाळ स्वतः ओढून घेतं. स्टीलचा टोकदार चमचा नको. उथळ, गोल कडेचा छोटा चमचा घ्या. काही ठिकाणी सिरिंजला मऊ रबराची नळी लावून देतात. तसं दिलं असेल तर ती गालाच्या बाजूला ठेवायची, मधोमध नाही.

बाळाला मांडीवर उठून बसलेलंच धरा. आडवं पाजू नका. दर तीन-चार घोटांनी थांबा आणि ढेकर काढा. अशी बाळं दुधासोबत बरीच हवा गिळतात.

'मऊ' म्हणजे किती मऊ? गुरगुट्या भात चालेल?

नाही, पहिल्या पंधरवड्यात तरी नाही. आपल्या डोक्यात मऊ म्हणजे बोटाने कुस्करलं जाणारं. पण शिवलेल्या टाळूला शिताचा अर्धा तुकडाही अडकतो. तेव्हा घरापुरता नियम असा ठेवा: जे बारीक जाळीच्या गाळणीतून चमच्याने दाबून खाली उतरतं, तेच बाळाच्या तोंडात जाईल. चहाची गाळणी नको, तिला कायम चहाचा वास राहतो आणि जाळीही मोठी असते. नवी, दाट जाळीची, रुंद तोंडाची गाळणी आणा. मी सगळ्या आयांना सांगते की ऑपरेशनच्या आधी मिक्सर नाही घेतला तरी चालेल, पण गाळणी चांगली घ्या.

गाळणीतून उतरलेलं चमच्यातून कसं पडतं तेही बघा. पाण्यासारखी धार लागली तर फार पातळ. गोळा पडला तर फार घट्ट. ताजं पातळ पिठलं पडतं तसं पडायला हवं.

वरणाचं पाणी आणि भाताचं पाणी दिलं तर चालेल ना?

या प्रश्नाचं उत्तर मी जरा सविस्तर देणार आहे, कारण इथे मी स्वतः चुकले.

डिस्चार्जच्या वेळी आम्हाला कागदावर 'लिक्विड डाएट' एवढे दोनच शब्द लिहून मिळाले. मी त्याचा अर्थ पाणी असा घेतला. सहा दिवस वरणाच्या वरचं निवळ पाणी, भाताची निवळ, पातळ केलेलं दूध, नारळपाणी. दिवसभर काही ना काही पाजत होते, त्यामुळे मला वाटत होतं की पोर पुरेसं खातेय. सातव्या दिवशी दाखवायला नेली. ऑपरेशनच्या आधी वजन ८.४ किलो होतं, काटा ७.९ वर थांबला. तिथल्या वयस्कर सिस्टरनी मला बाजूला बसवून विचारलं, 'बाय, तू काय काय देतेस ते सांग.' मी सांगितलं. त्या म्हणाल्या, 'हे सगळं पाणी झालं. जेवण कधी देतेस?'

डाळ शिजल्यावर तिचं बळ तळाशी बसलेल्या डाळीत असतं. वरच्या पाण्यात रंग, मीठ आणि थोडी चव. भाताच्या निवळीतही तेच. लहान मुलाचं पोट छोटं असतं. ते पाण्याने भरलं की भूक मरते, पण अंगाला काहीच लागत नाही. आणि जखम भरून यायला तर उलट जास्त प्रथिनं आणि जास्त बळ लागतं. तेव्हा डाळ पूर्ण घोटा, पूर्ण गाळणीतून उतरवा, गाळणीत उरेल तेवढाच चोथा टाका. भाताचंही तसंच. द्यायचं ते पातळ असू दे, पण पाणचट नको.

त्या दिवसापासून प्रत्येक वाटीत अर्धा चमचा तूप घालायला लागले. एका छोट्या चमच्यात, म्हणजे साधारण ५ ग्रॅम तुपात, ४५ कॅलरी असतात, आणि त्यासाठी पोटात जागाही लागत नाही. दोन आठवड्यांत वजन पुन्हा ८.३ वर आलं.

पेज कशी करायची ते सविस्तर सांगा.

आमचं माहेर सिंधुदुर्गात, त्यामुळे घरात पेज म्हणजे उकड्या तांदळाची. ती पचायला हलकी आणि चवीला गोडसर. उकडा मिळत नसेल तर कुठलाही जुना तांदूळ चालतो. पोटाला आधार मिळावा म्हणून मी त्यात मुगाची डाळ घालते.

चार मुठी तांदूळ, एक मूठ पिवळी मूगडाळ. दोन्ही धुऊन अर्धा तास भिजत घाला. दसपट पाणी, चिमूटभर हळद. कुकरला पाच-सहा शिट्ट्या. वाफ गेल्यावर गरम असतानाच रवीने घोटा, मग मिक्सरला फिरवा, मग गाळा. गाळणीतून उतरायला जड जात असेल तर थोडं उकळलेलं गरम पाणी घाला. शेवटी तूप. वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ घालू नका. वर्षावरच्या मुलाला किंचित चालतं. जिऱ्याची फोडणी द्यायची असेल तर तूप तापवून जिरं तडतडू द्या आणि ते तूप गाळून घाला. जिऱ्याचा एक दाणाही आत जाऊ देऊ नका. वास मात्र पूर्ण येतो, आणि त्या वासाने मूल खाण्याकडे वळतं.

पेज थंड होताना घट्ट होते. पाजायच्या वेळी पुन्हा पातळ करायची तयारी ठेवा. कोमट द्या, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. टाळू सुजलेली असताना मुलाला गरम लागलं की ते पुढचा चमचा नाकारतं, आणि मग त्या भांड्यालाही घाबरायला लागतं.

नाचणी देता येईल का? ती चिकट होते ना?

देता येते, आणि द्यावीच. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं. नाचणीसत्त्व आपल्याकडे घरोघरी करतातच: नाचणी भिजवून, मोड आणून, वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला गर वाळवायचा. एक चमचा सत्त्व आधी गार पाण्यात कालवा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग दुधात किंवा पाण्यात मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळा. गूळ घालायचा तर वेगळा पाण्यात विरघळवून गाळून घ्या. गुळात बारीक कचकच असते. आपल्या दाताखाली ती जाणवत नाही, पण टाक्यांत बसते.

आता एक युक्ती सांगते, जी मला फार उशिरा कळली. पेज किंवा खीर घट्ट झाली की आपण त्यात पाणी ओततो. पातळ होते, पण प्रत्येक चमच्यातलं अन्नही कमी होतं. त्याऐवजी मोड आलेल्या नाचणीचं पीठ वापरा. मोड आणून उन्हात वाळवलेलं आणि दळलेलं, भाजलेलं नको. धान्याला मोड येताना त्यात अमायलेझ नावाचं विकर तयार होतं. ते पिठूळ भागाचे बारीक तुकडे करतं. शिजलेली घट्ट पेज कोमट होऊ द्या, त्यात या पिठाचा एक लहान चमचा टाकून ढवळा. पाच-सात मिनिटांत डोळ्यांदेखत पेज सैल होते. पहिल्यांदा केलं तेव्हा मी डाव उचलून धरला होता. आधी त्यावरून ढब्ब पडणारी पेज हळूहळू सुताच्या धारेने उतरायला लागली, पाण्याचा एक थेंब न घालता. उकळत्या पेजेत हे पीठ टाकलं तर विकर मरतं आणि काहीच होत नाही, म्हणून आधी कोमट करणं महत्त्वाचं. पातळ झाल्यावर मात्र पुन्हा एक उकळी आणा, कारण पीठ कच्चं असतं. मग गाळा.

याशिवाय काय काय देता येतं? रोज पेज खाऊन कंटाळते.

लाल भोपळा वाफवून, वाटून, गाळून, थोडं दूध आणि तूप घालून. गाजर आणि बटाटाही तसंच. रताळ्याला धागे असतात, ते गाळणीतच राहिले पाहिजेत. ताजं, गोड दही फेटून आणि गाळून. दह्याने सर्दी होईल या भीतीने ते बंद करू नका; आंबट झालेलं तेवढं टाळा, कारण ते झोंबतं. घरात अंडं चालत असेल तर दूध, साखर आणि अंडं एकत्र गाळून मंद आचेवर पूर्ण शिजवलेलं कस्टर्ड हा फार चांगला आधार आहे. चिकन किंवा मटणाचं सूप देताना पुन्हा वरणाच्या पाण्याचीच गोष्ट: नुसतं सूप म्हणजे पाणी. शिजलेलं मांस वाटून, गाळून त्यात उतरवलं तर ते जेवण. केळं कुस्करून दिलं तर टाळूला चिकटून बसतं, म्हणून दुधात फिरवून सैल करून द्या.

रवा जपून. रव्याची खीर सगळ्यांनाच सुचते, पण रव्याचा कण फुगला तरी कणच राहतो. भाजून, शिजवून, मिक्सरला फिरवून गाळणार असाल तरच करा. साबुदाणा मी दिलाच नाही. चिकटतो फार आणि त्यात पिष्टाखेरीज विशेष काही नसतं.

अजिबात काय द्यायचं नाही?

बिस्किट. दुधात बुडवलेलंही नको, त्याचा लगदा टाळूला लिंपल्यासारखा बसतो. पोळी, पाव, टोस्ट, शेवया, पोहे, कुरमुरे, खोबरं, शेंगदाणे, सुक्या मेव्याची पूड, टोमॅटोच्या आणि वाटाण्याच्या साली, बिया असलेली फळं. आंबटात लिंबू, संत्रं, चिंच, कोकम. तिखट तर नाहीच. चॉकलेट आणि चिक्की कुणी प्रेमाने हातात ठेवली तरी काढून घ्या.

बाळ तोंडच उघडत नाही. दोन दिवस झाले. काय करू?

आधी दुखणं बघा. वेदनाशामक औषध वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. ते वेळेवर द्या, आणि भरवण्याआधी साधारण अर्धा तास पोटात गेलेलं असेल असं जमवा. औषध पेजेच्या वाटीत मिसळू नका. वाटी अर्धी उरली तर औषधही अर्धंच गेलेलं असतं.

दुसरं, जबरदस्ती नको. हातपाय धरून नाक दाबून पाजण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. टाळू शिवलेल्या मुलावर ती मुळीच करू नका. ठसका लागतो, जोराच्या रडण्याने शिवणीवर ताण येतो, आणि मुलाच्या मनात ताट-वाटीची भीती बसते.

आमच्याकडे तिसऱ्या रात्रीपर्यंत लेकीने माझ्या हातून काही घेतलं नव्हतं. कोपर वाकू नये म्हणून दोन्ही हातांना पुठ्ठ्याचे पट्टे बांधलेले, त्यामुळे ती आणखी चिडलेली. मी चमचा पुढे केला की मान फिरवायची. मी चमचा धरायचे त्याच हाताने दवाखान्यात तिला भुलीच्या खोलीपर्यंत नेलं होतं, हे तिला आठवत असेल का, असंही मनात यायचं. रात्री दोनच्या सुमारास माझी आई उठली. तिने स्वतःसाठी पेज कोमट केली, तूप-मीठ घातलं आणि गॅलरीत लेकीला मांडीवर घेऊन बसली. तिला काही दिलं नाही. स्वतःच बोंडल्याने एक-एक घोट प्यायली आणि खाली रस्त्यावरच्या कुत्र्यांची नावं तिला सांगत राहिली. पाचव्या की सहाव्या घोटाला लेकीने पट्टा बांधलेला ताठ हात उचलून बोंडल्यावर आपटला. आई उठली, बोंडलं गरम पाण्याने धुतलं, तिच्यासाठी गाळून ठेवलेली पेज त्यात भरली आणि चोच तिच्या खालच्या ओठाला टेकवली. ती प्यायली. अर्धी वाटी. मी दाराआडून बघत होते, बाहेर गेले नाही.

तेव्हापासून मी सांगते: आई नकोशी झाली असेल तर आजीला, बाबाला, मावशीला भरवू द्या. जागा बदला. तुम्ही तिच्यासमोर तेच खा. एका वेळी चार चमचे गेले तरी चालेल, दिवसातून आठ-दहा वेळा द्या.

पाणी पुरेसं जातंय हे कसं ओळखायचं?

१० किलोपर्यंतच्या मुलाला दिवसाला किलोमागे १०० मिली द्रव लागतो असा ढोबळ हिशोब डॉक्टर मांडतात. ८ किलोचं मूल असेल तर दूध, पेज, पाणी सगळं धरून साधारण ८०० मिली. एक वही ठेवा आणि प्रत्येक वेळी किती गेलं ते लिहा. रात्रीच्या जाग्रणात आठवणीवर विसंबू नका. याहून सोपी खूण म्हणजे लघवी. सहा-आठ तास लंगोट कोरडा राहिला, रडताना डोळ्यांत पाणी नसलं, ओठ सुकले, मूल मलूल पडलं, तर फोन करायला सकाळची वाट बघू नका.

खाल्ल्यावर तोंड कसं धुवायचं?

प्रत्येक वेळी शेवटी दोन-तीन चमचे उकळून गार केलेलं पाणी. एवढंच. दूध, खीर, पेज यांचा जो थर टाळूवर राहतो तो यानेच निघतो. फडकं, कापूस, बोट, ब्रश काहीही टाळूला लावू नका.

टाळूवर पांढरट-पिवळा थर दिसतो आणि तोंडाला वास येतो. पू आहे का?

बहुतेक वेळा नाही. तोंडातली जखम भरताना तिच्यावर असाच थर येतो, त्यावर बाहेरच्या जखमेसारखी खपली धरत नाही. थोडा वासही काही दिवस येतो. थर खरवडू नका. सोबत ताप असेल, वास फार वाढला असेल किंवा मूल अचानक पुन्हा खायचं थांबलं असेल तर दाखवा.

ऑपरेशन झालं तरी दूध नाकातून येतंय.

सुरुवातीच्या दिवसांत सुजेमुळे थोडं येऊ शकतं. आमच्याकडे पाचव्या दिवशी थांबलं. थांबून पुन्हा सुरू झालं किंवा तीन आठवड्यांनंतरही येत राहिलं, तर सर्जनना सांगा. छिद्र राहिलं आहे का, हे ते तपासतील. राहिलं असलं तरी त्यावर उपाय असतो, मात्र तो घरच्या घरी होत नाही.

कधी लगेच दवाखाना गाठायचा?

लालभडक ताजं रक्त तोंडातून किंवा नाकातून आलं तर. श्वास घेताना आवाज यायला लागला किंवा छाती ओढली जायला लागली तर. ताप उतरत नसेल तर. वारंवार उलट्या होत असतील तर. डिस्चार्जच्या कागदावरचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा, घरातल्या प्रत्येकाला दिसेल असा.

टाक्यांना मध-हळद लावावी असं शेजारच्या काकू म्हणतात.

काही लावू नका. मध वर्षाच्या आतल्या बाळाला तर पोटातही देत नाहीत. त्यातल्या जिवाणूंमुळे बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. उगाळलेली गुटी, वेखंड, जायफळ हेही या दिवसांत बंद. काकूंना वाईट वाटू देऊ नका. त्यांना भोपळा किसायला बसवा, मदत करायचीच असते त्यांना.

मी नोकरी करते. रोज पाच वेळा ताजं करणं शक्य नाही.

सकाळी एकदाच पेज-डाळ आणि एखादी भाजी शिजवून, गाळून घ्या. लगेच गार करून छोट्या झाकणाच्या डब्यांतून फ्रिजमध्ये ठेवा. लागेल तेवढा एकच डबा काढून पूर्ण उकळी आणा आणि कोमट करून द्या. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं आणि उष्ट्या चमच्याचं उरलेलं टाकून द्या. बर्फाच्या ट्रेमध्ये भोपळ्याच्या वड्या गोठवून ठेवता येतात. जमलं तर ऑपरेशनच्या आठवडाभर आधीच तांदूळ आणि मूगडाळ भाजून बारीक दळून ठेवा, म्हणजे दहा मिनिटांत पेज तयार होते. आणि तीन आठवडे कुणीतरी एक माणूस घरी लागतंच. रजा वाटून घ्या, हे काम एकटीने करू नका.

मोठं भावंड घरात चकली खातं आणि लहान्याला भरवायला जातं.

आमचं ऑपरेशन गणपतीच्या तोंडावर झालं. घरात मोदक, करंज्या आणि पाच चुलत भावंडं. आम्ही मोठ्यांना एक काम नेमून दिलं: बाळाच्या तोंडात काय जातं त्यावर पहारा ठेवायचा. 'देऊ नको' म्हणण्यापेक्षा हे जास्त लागू पडलं. पाहुण्यांना मात्र दारातच सांगा, आडपडदा न ठेवता.

हे ग्रहणात विळी हातात घेतल्यामुळे झालं असं म्हणतात.

नाही. टाळू पोटातल्या पहिल्या तीन महिन्यांतच जुळून येते किंवा येत नाही. त्यामागे आनुवंशिकता असते, काही औषधं, आईचं पोषण, धूम्रपान अशी इतरही कारणं असू शकतात, आणि पुष्कळदा एकच एक कारण सापडत नाही. जगभरात साधारण ७०० बाळांमागे एकाचा ओठ किंवा टाळू, किंवा दोन्ही, दुभंगलेली असतात. तुम्ही भाजी चिरली म्हणून काही झालेलं नाही. हे मी माझ्या घरात मोठ्याने म्हटलं होतं, तुम्हीही म्हणा.

खर्च झेपणारा नाही. ऑपरेशन पुढे ढकलू का?

ढकलू नका. टाळू साधारण ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान शिवतात, म्हणजे बोलायला लागायच्या सुमारास ती तयार असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ज्या व्यंगांची तपासणी आणि पुढचे उपचार होतात, त्यांत दुभंगलेला ओठ आणि टाळू येतात. अंगणवाडीताई, आशाताई किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. स्माईल ट्रेन ही संस्थाही देशभरातल्या रुग्णालयांमार्फत ही ऑपरेशनं मोफत करून देते.

माझ्या मुलाचं टॉन्सिलचं ऑपरेशन आहे. हेच सगळं लागू होतं का?

पूर्ण नाही. टॉन्सिलनंतर टाळूवर शिवण नसते, त्यामुळे एवढं गाळण्याची गरज पडत नाही. मऊ खिचडी, दहीभात, गार दूध, आईस्क्रीम चालतं, आणि गिळत राहणं उलट फायद्याचं असतं. पाणी मात्र तितकंच महत्त्वाचं. पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान खपली सुटते, तेव्हा रक्त येण्याचा धोका असतो. ते दिसलं तर तडक दवाखान्यात.

पोळी-भाजी कधी सुरू करायची?

सर्जननी टाळू पाहून 'भरली' म्हटल्यावरच, कॅलेंडर बघून नाही. आम्हाला चौथ्या आठवड्याच्या शेवटी होकार मिळाला. आधी दोन दिवस न गाळलेली, घोटलेली पेज. मग तूप-मीठ घालून गुरगुट्या भात. मग दूधपोळी: ताज्या पोळीचे कडक काठ काढून टाकले, मधला पापुद्रा गरम दुधात पंधरा मिनिटं भिजवून बोटाने पूर्ण मोडला. पहिला घास घेतल्यावर ती थांबली, जिभेने वर चाचपून पाहिलं आणि मग गिळला. पापड, चकली, कुरमुरे, पेरू यांना दीड महिना उलटून पुढची तपासणी होईपर्यंत आम्ही हात लावला नाही.